चि. मिहीर यास

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास, तेव्हापासून नुसते मेसेज येतायत. 'जेवलो.' 'ठीक आहे.' 'कामात आहे.' बाबा म्हणतात, येतायत ना मेसेज, मग झालं तर. पण मेसेज काय, कोणीही पाठवेल रे. म्हणून पत्र लिहायला बसले. भांडण उकरून काढायचं नाहीये, हे आधीच सांगते.

जोशी-अभ्यंकर खुनांवरच्या तुझ्या पॉडकास्टचे दोन्ही भाग ऐकले. पहिला पोळ्या करताना लावला होता, शेवटी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले. बोलतोस फार छान. 'तर' म्हणून जो थांबतोस ना, ते अगदी तुझ्या आजोबांचं, अप्पांचं. मीरामावशीला लगेच पाठवला, तिनं तिच्या भिशीतल्या सगळ्यांना. हे तुला सांगणार नव्हते.

पण मिहीर, दोन्ही भागांत जक्कल, जक्कल आणि जक्कल. त्या खुनी टोळीचा म्होरक्या! त्याची मोटरसायकल, त्याची हिंमत, बाकीच्यांना तो कसा मुठीत ठेवायचा. त्याचा साथीदार मुनव्वर शाहनं तुरुंगात लिहिलेलं पुस्तक तू समोर ठेवलंयस, ते कळतं. म्हणजे ज्यांनी मारलं त्यांनीच सांगितलेली हकीकत. मारली गेलेली ती दहा माणसं कुठून सांगायला येणार? अभ्यंकरांना तू 'एक वृद्ध दांपत्य' म्हणून उडवून लावलंस. काशिनाथशास्त्री ८८ वर्षांचे होते, संस्कृत व्याकरणाचा अख्खा कोश त्यांनी रचलेला. अप्पा त्यांचं नाव घेताना चष्मा काढायचे. १ डिसेंबर १९७६च्या रात्री भांडारकर रोडच्या त्या बंगल्यात ते, त्यांच्या पत्नी, तरुण नात, नातू आणि घरकाम करणाऱ्या बाई, पाचही जण गेले. त्या बाईंचं नाव कोणाला विचार, सांगता येणार नाही. जक्कल मात्र सगळ्यांना पाठ. निकालपत्रात आहे त्यांचं नाव. काढ आणि एकदा तुझ्या आवाजात घे.

झालं, लागले शिकवायला. राहू दे.

'आई, तुम्ही लोक उगाच घाबरता' असं म्हणालास, ते मात्र लागलं. तू ते पुणं पाहिलेलं नाहीस. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरी तिघं गेली, आईवडील आणि उशिरा घरी आलेला मुलगा. महिना उलटतो न उलटतो तोच अभ्यंकर. वर आणीबाणी. पेपरात येईल त्याहून जास्त अफवाच. दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. अप्पांनी दाराला साखळी ठोकून घेतली, आतून आडणा घातला, आणि बाहेरच्यानं नाव सांगितलं तरी पुरायचं नाही. आतून विचारायचे, "सकाळी भाजी कसली होती?" सुधामामा एकदा गॅदरिंगच्या तालमीहून आला, डबा न खाताच कोणाला तरी देऊन टाकलेला. "वांगी" म्हणाला. होता घेवडा. त्याचा आवाज आम्ही सगळे ओळखत होतो, तरी अप्पांनी त्याला कुडकुडत उभं ठेवलं. शेवटी नानीनंच आडणा काढला. त्यावर मामा आजही हसतो, तेव्हा मात्र रडकुंडीला आला होता.

ते खुनी पकडले गेले तेव्हा तर अप्पा जास्तच बिथरले. आम्हाला वाटलेलं कोणी सराईत दरोडेखोर असतील. निघाली टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाची पोरं! जक्कल, सुतार, जगताप, शाह. मामा तेव्हा एसपी कॉलेजला, त्याच रस्त्यावर. "कितीदा समोरून गेले असतील," एवढंच म्हणाला. त्यानंतर रोज जेवताना अप्पांचं सुरू: कोणाबरोबर होतास, तो कुठला, त्याचे वडील काय करतात. मामा चिडायचा, अगदी तू चिडतोस तसाच. तुझ्या खोलीवरच्या त्या नव्या पार्टनरचं आडनाव विचारलं तर 'आई, मी माहीत करून घेतलेलं नाही' म्हणालास! चांगलाच असेल रे तो. त्या बिचाऱ्यावर कशाला संशय घेऊ? पण आडनाव तरी विचारून ठेव.

पहिला बळी त्यांचा वर्गमित्रच होता, हे तू दोन वाक्यांत उरकलंस. जानेवारी १९७६. ओळखीची पोरं म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला. मारण्याआधी त्याच्याकडून वडिलांच्या नावानं चिठ्ठी लिहून घेतली, घर सोडून चाललोय अशी. मग पिंपात घालून तळ्यात. खरं काय झालं ते उजेडात यायला १९७७चा मार्च संपत आला. मी त्या चिठ्ठीपाशी अडकलेय, मिहीर. अक्षर पोराचंच. बापानं बघितलं तर शंका घ्यायला जागाच नाही. कुठेतरी आहे, रुसलाय, येईल, असंच कोणीही समजेल. त्या मानानं तुझं 'ठीक आहे' तर टाइप केलेलं. हसू नकोस. रात्री दोनला त्या गॅंगचे फोटो बघत एकटा बसतोस आणि आम्हाला दोन शब्द पाठवतोस. फोन कर. भांडायला कर हवं तर, पण आवाज ऐकव.

२७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही. नानीनं मात्र विचारलं होतं, "त्यांच्या आयांकडे कोण जातं गं?" अप्पा काही न बोलता उठून गेले. तुझ्या कार्यक्रमात हे घालू नकोस, घरातलं आहे.

मेतकूट आणि डिंकाचे लाडू केदारबरोबर पाठवतेय. डबा परत पाठव, मागच्या वेळचाही तिकडेच आहे. बाबांचं बीपी आता बरं आहे, तू विचारलं नव्हतंस म्हणून सांगते. पुढचा भाग कधी येणार तेही कळव, मावशी विचारत होती.

तुझी,
आई

ता. क. शेवटच्या खुनाबद्दल बोलताना तू प्रेत लकडी पुलाजवळ सापडल्याचं म्हटलंयस. ते बंडगार्डनपाशी सापडलं, शिडीला बांधलेलं. आणि तो मुलगा त्यांच्या मित्राचा धाकटा भाऊ होता, 'अनोळखी तरुण' नव्हे. दुरुस्त करून घे.