मेडिकलवरून आणलेली बाटली

अंबाजोगाई

चि. पप्पूस,
अनेक आशीर्वाद.

परवा "आई, नुसते थेंब आहेत गं" म्हणालास अन् फोन ठेवलास. डोळ्यांसाठी मनानं मेडिकलवरून आणलेल्या त्या थेंबांच्या बाटलीवर पुन्हा बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

डॉक्टरांनी पापणीच्या तेलग्रंथी तुंबल्यात म्हणून सांगितलं, ते पटण्यासारखं आहे. वरच्या पापणीत 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 ग्रंथी असतात. त्यांची तोंडं केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला, पापणीच्या कडेवर उघडतात. तिथून येणाऱ्या तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरतो, म्हणून अश्रू टिकतात. तेच तेल टूथपेस्टसारखं घट्ट झालं की तोंडं बुजतात, अश्रू भराभर उडतात आणि डोळे चुरचुरतात. चुरचुरले की डोळा वरून पाणी सोडतो. "कोरडे म्हणतात अन् पाणी तर गळतंय" हे तुझं कोडं त्यातलंच. ते पाणी बिनतेलाचं, लगेच उडून जातं.

शेक तू देतोस, पण कसा, ते विचारायचं राहिलं. ओला रुमाल दोन-तीन मिनिटांत गार होतो आणि पुढचा वेळ वाया जातो. पापणीला 40 अंशांच्या आसपासची ऊब आठ-दहा मिनिटं सलग मिळाली तरच तेल पातळ होतं. दोन रुमाल आलटून पालटून घे, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये गरम होणारा डोळ्यांचा मास्क आण. आधी मनगटाला लावून बघ. चटका बसला तर डोळ्यावर ठेवायचा नाही. शेकताना डोळा दाबू नकोस. मग ऊब आहे तोवरच, स्वच्छ बोटानं वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, केसांच्या दिशेनं हलकेच दाबत यायचं. गार झाल्यावर चोळून काही उपयोग नाही. शेवटी डोळ्यांसाठी मिळणाऱ्या वाइप्सनं पापणीची कड पुसून घे. सकाळ-संध्याकाळ केलंस तरी फरक कळायला महिना-दीड महिना जातो, आणि बरं वाटल्यावर सोडलं की पुन्हा तुंबतं.

तुझा धीर तेवढा टिकत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर त्या बाटलीची धास्ती. दोन दिवसांत लाली गेली म्हणालास ना? इतक्या झटपट लाली घालवणाऱ्या बाटलीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, यातलं काही लिहिलंय का बघ. डॉक्टर हे थेंब देतात, पण मोजक्या दिवसांसाठी आणि डोळ्याचा दाब तपासत. मनानं महिनोन् महिने घातले तर दाब वाढतो, काचबिंदू होतो, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. अक्कांचं काय झालं ते तुला सांगायला नको. त्यांच्या डोळ्यांवरून तू हात फिरवायचास.

झालं, बोललेच मी. रागावू नकोस.

पापणी पूर्ण मिटली की ग्रंथी दाबल्या जातात आणि तेल बाहेर येतं. स्क्रीनपुढं माणूस पापणी कमी लववतो, आणि लववली तरी अर्धीच. तू तर लहानपणी मॅच लागली की टक लावून बसायचास. बापू तुझ्या डोळ्यापुढं हात हलवायचे अन् तू तो हात बाजूला सारायचास. आता तेवढ्याच एकाग्रतेनं काम करतोस, याचं कौतुकच वाटतं रे. पण दर वीस मिनिटांनी दहा वेळा डोळे पुरते मीट. स्क्रीन नजरेच्या जरा खाली ठेव आणि एसीचा झोत तोंडावर घेऊ नकोस.

डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलंय, ते जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घे. लगेच आडवं पडायचं नाही, घशाखाली जळतं. दूध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यासोबत नको. उन्हात कातडी लवकर भाजते. कॉलेजात मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत होतास, ते डॉक्टरांना सांगितलंस का? त्या गोळ्यांनी या ग्रंथी आक्रसू शकतात. अजून चालू असतील तर डॉक्सीसोबत अजिबात नको, डोक्यातला दाब वाढू शकतो.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालू नकोस. 2018 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत. जवसाची चटणी पाठवतेय, ती भाकरीबरोबर खायला. औषध म्हणून नाही.

थेंब हवेतच, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घे. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे तर तेच बरे, कारण साध्या बाटलीतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार पडलं की बुबुळाचा वरचा थर दुखावतं. एका वेळी एकच थेंब. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे.

किती लिहिलं बघ. दादा म्हणतो, पोरगं शहाणं आहे, तू उगाच जीव जाळतेस. असेलही.

तुझी,
आई

ता. क. डोळा ठणकला, उजेड सोसेना किंवा अंधूक दिसायला लागलं तर शेक बंद, त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. आणि त्या बाटलीच्या लेबलचा फोटो पाठव. महिन्याहून जास्त घातले असशील तर एकदम बंदही करू नकोस, आधी डोळ्याचा दाब मोजून घे.