बोटावरचं ९९ मेंदूचं नसतं

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मेंदूच्या ऑपरेशनवर लेख आला होता तो आवडला, पण ऑपरेशनभर ऑक्सिजन ९९ टक्के होता म्हणजे मेंदू सेफ होता असं त्यात लिहिलंय ते वाचून राहवेना. मी बडोद्यात बरीच वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन होतो, बाहेर बसलेले नातेवाईकही हेच विचारायचे, ऑक्सिजन किती आहे हो?

तो आकडा बोटाच्या क्लिपचा. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती भरलाय एवढंच तो सांगतो, ते रक्त मेंदूत पुरेसं पोचतंय का हे त्याला कळतच नाही. बडोद्याला पाणी देणारा आजवा तलाव काठोकाठ भरला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी येतंच असं थोडंच आहे! आणि मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, साठा जवळपास नाहीच, पुरवठा काही मिनिटं तुटला तरी पेशी मरायला लागतात.

डोक्याच्या ऑपरेशनमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. सर्जनला मेंदू सैल हवा असतो म्हणून कधीकधी व्हेंटिलेटर जोरात चालवून कार्बन डायऑक्साइड उतरवतात, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी दिसते पण जास्त झालं तर रक्तच कमी पडतं, आणि बोटावर मात्र १००! मान जास्त वळली की शिरा दबतात, बीपी पडतं, ॲन्युरिझमसाठी (रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यासाठी) रक्तवाहिनीला थोडा वेळ चिमटा, म्हणजे टेम्पररी क्लिप, लावली की त्या भागाचं रक्त तेवढा वेळ थांबतं, यातलं काहीच बोटाला दिसत नाही.

यासाठी कपाळावर चिकटवायचे सेन्सर असतात. इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश हाडातून आत जातो आणि त्याने मेंदूतला ऑक्सिजन कळू शकतो हे यॉब्सिस नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. पेशंट जागा असतानाच पहिला आकडा घेऊन ठेवतात, मग त्याच्या २० टक्क्यांनी खाली आला की लगेच मान, बीपी, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन सगळं तपासायचं.

मशीन लावलं की झालं असंही नाही हं. ते फक्त कपाळामागचा भाग बघतं, चामडीतलं रक्तही थोडं मिसळतं, आणि कापायचं तिथेच असेल तर सेन्सरला जागाच नाही. मग मानेतल्या जुगुलर शिरेतून सॅम्पल घेतात (तिथे साधारण ५५ ते ७५ टक्के नॉर्मल), किंवा मेंदूतच बारीक प्रोब घालतात, त्यात आकडा २० च्या खाली गेला (हे टक्के नव्हेत, मिमी पाऱ्यात मोजलेला ऑक्सिजनचा दाब) की काळजी. डोक्याला मार लागलेल्या आयसीयूतल्या पेशंटवर फ्रान्समध्ये अशा प्रोबची मोठी ट्रायल झाली, २०२३ मध्ये रिझल्ट आला, प्रोब लावलेल्या आणि न लावलेल्या पेशंटमध्ये ६ महिन्यांनी फारसा फरक दिसला नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना लावा असं मी म्हणत नाही, सेन्सर महाग आणि एकदाच वापरायचे. पण ॲन्युरिझम, कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी) अशा केसेसमध्ये विचार व्हायलाच हवा, हॉस्पिटल सरकारी असो की प्रायव्हेट.

तर विनंती ही की पुढच्या पुरवणीत एखाद्या न्यूरो ॲनेस्थेटिस्टकडून (मेंदूच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून) यावर नीट लिहून घ्या. आणि ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय त्यांनी आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा न लाजता विचारावं, मेंदूच्या ऑक्सिजनवर वेगळं लक्ष ठेवणार का आणि कसं, नाही ठेवणार तर का नाही.

आपला,
एक निवृत्त ओटी टेक्निशियन, दांडिया बाजार, बडोदा