क्लच प्लेट बदलण्याआधी ती छोटी डबी उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पावसाळ्याआधी गाडीची काय काळजी घ्यायची यावर अख्खं पान आलं होतं. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या अमेरिकेत ओहायोत असतो, सकाळी चहाबरोबर तुमचा ई-पेपर वाचल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. टायर, वायपर, बॅटरी, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं छान समजावून दिलंय, पण गिअर नीट पडत नसेल तर क्लच प्लेट बदलून घ्या असं जे लिहिलंय तिथे मी अडलो. कारण हाच सल्ला मला दोन वर्षांपूर्वी मिळाला होता आणि मी तो ऐकला असता तर अडीच हजार डॉलर विनाकारण गेले असते.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली २००२ ची शेव्हरोले कॉर्व्हेट आहे, सहा गिअरची, मॅन्युअल. लहानपणापासून स्पोर्ट्स कारचं वेड होतं, ते चाळिशीनंतर पूर्ण झालं. ही गाडी जिथे बनते त्या केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला कॉर्व्हेटचं म्युझियम आहे (२०१४ मध्ये त्याच्या आतली जमीन खचून ८ गाड्या खड्ड्यात गेल्या होत्या, तेच), तिथे गाडी घेऊन जायचं म्हणून जुलैच्या उन्हात निघालो. लुईव्हिलला ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबत सोडत काढला, मग आय ६५ हायवेला लागताना रॅम्पवर जरा जोरात ओढली, दुसऱ्याचा तिसरा टाकला तर गिअर कर्रकन ओरडला आणि क्लचचं पेडल खालीच राहिलं. वर येईचना. बुटाच्या टोकाने उचलून वर आणलं. मागून ट्रक येत होता, बायको शेजारी बसलेली, त्या पाच सेकंदांत हातापायाला घाम फुटला होता.

परत आल्यावर एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि क्लच गेला म्हणून सांगून टाकलं. आता या गाडीत क्लच पुढे इंजिनाला आणि गिअरबॉक्स मागे चाकांपाशी, मध्ये लांब ट्यूब. त्यामुळे क्लचला हात लावायचा तर मागचा सगळा पसारा खाली उतरवावा लागतो, मजुरी तिथेच जाते. बोनेट मात्र त्यांनी उघडलंच नाही.

मी लहानपणी सुट्टीत कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे जाऊन बसायचो, स्पॅनर पुसायचे आणि चहा आणायचा एवढंच काम, पण मिस्त्री एक गोष्ट कायम सांगायचे की जे पाच मिनिटांत बघता येतं ते आधी बघ, उघडायचं ते नंतर. ते आठवून घरी बोनेट उघडलं. ब्रेकच्या मोठ्या डबीशेजारी क्लचची प्लास्टिकची छोटी डबी असते, चहाच्या छोट्या कपाएवढी. झाकण काढलं तर आतलं फ्लुइड काळंकुट्ट, भिजवलेल्या कोळशाच्या पाण्यासारखं, बोट बुडवून दोन बोटांत चोळलं तर बारीक कचकच लागत होती. नवीन फ्लुइड हलकं पिवळसर आणि आरपार दिसणारं असतं.

हे असं का होतं ते लिहितो कारण तुमच्या पानात हे कुठेच नव्हतं. हायड्रॉलिक क्लचला केबल नसते. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर फ्लुइड ढकलतो, ते पाइपातून खालच्या म्हणजे स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि तो क्लच सोडवतो. द्रव दाबून आक्रसत नाही म्हणून हे चालतं. पण हे फ्लुइड म्हणजे ब्रेक ऑइलच, आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३, डॉट ४ हे या फ्लुइडचे प्रकार. कोरडं, नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत खाली येतो, डॉट ४ चा २३० वरून १५५. माझ्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर क्लचच्या घराच्या आत, इंजिनाला चिकटून, तिथे उष्णता प्रचंड आणि क्लच घासून निघणारी काळी धूळही तिथेच. पाणी मुरलेलं फ्लुइड उकळलं की त्याची वाफ होते, वाफ मात्र दाबून आक्रसते, मग पाय खाली जातो पण क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर ओरडतो, आणि असंच चालवत राहिलं तर गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर आवाज न करता जुळवणाऱ्या कड्या) खराब होतात, तो खर्च वेगळाच. उन्हात, ट्रॅफिकमध्ये, जोरात गाडी ओढल्यावरच त्रास आणि सकाळी गाडी थंड असताना सगळं ठीक, असं असेल तर पहिला संशय फ्लुइडवर घ्यायला पाहिजे.

मग मी काय केलं तर मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, तिला नळीचा तुकडा लावला, डबीतलं काळं फ्लुइड ओढून घेतलं, आतून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलं, नवीन सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरलं, झाकण लावलं आणि इंजिन बंद ठेवून पेडल तीस वेळा पूर्ण दाबून सोडलं. परत झाकण उघडलं तर नवीन फ्लुइड पुन्हा काळं, कारण खालचं वर येऊन मिसळतं. परत ओढलं, परत भरलं. त्या दिवशी सहा वेळा केलं, मग आठवडाभर गाडी चालवून परत चार वेळा, तेव्हा कुठे रंग टिकला. दोन बाटल्या लागल्या, तीस डॉलरच्या आत काम. एकच जपायचं, ओढताना डबीच्या तळाचं भोक उघडं पडू द्यायचं नाही, नाहीतर पाइपात हवा जाते आणि मग खरी कटकट सुरू होते. आणि हे फ्लुइड रंग खातं, बोनेटवर एक थेंब जरी पडला तरी लगेच भरपूर पाणी ओतायचं.

ही पद्धत म्हणजे एअर काढणं (पाइपातली अडकलेली हवा जुन्या फ्लुइडसकट खालून बाहेर काढणं) नव्हे हे पण स्पष्ट लिहितो. माझ्या गाडीचा एअर काढायचा निपल (स्लेव्ह सिलिंडरवरचा छोटा पोकळ स्क्रू) अशा अडचणीत आहे की हातच जात नाही म्हणून मालक लोक वरूनच बदलत राहतात. जिथे निपल हाताला लागतो तिथे सरळ खालून काढावं, तेच योग्य. इथल्या एका मराठी मित्राची माझ्दा मियाटा आहे, छोटी दोन सीटची, तिचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरच असतो. एका रविवारी मी खाली झोपलो, त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला सीट पुढे ओढून बसवलं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या फ्लुइडमध्ये बुडवलेलं. मी म्हणायचो दाब, ती दाबून धरायची, मी निपल अर्धा आटा सैल करायचो, पहिल्यांदा चॉकलेटी फ्लुइड आलं, मग सोड्यासारखे बारीक बुडबुडे, निपल आवळला की मगच सोड म्हणायचं. एकदा तिने आधीच पाय उचलला तर नळीतलं फ्लुइड सर्रकन मागे गेलं, परत पहिल्यापासून. दर पाच सहा वेळांनी वरची डबी भरायची. पंधराव्या सोळाव्या वेळेला नळीत एकही बुडबुडा नव्हता आणि ती आतून ओरडली, काका आता पेडल कडक झालं! उद्यमनगरात ॲम्बॅसिडरच्या ब्रेकचा एअर काढताना मिस्त्री खालून मार, धर, सोड असं ओरडायचे आणि सीटवर मी असायचो, ते सगळं डोळ्यासमोर आलं.

तुम्ही म्हणाल हे अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कारचं झालं, आमच्या वाचकांना काय त्याचं. पण संपादकसाहेब, थार आणि स्कॉर्पिओला पण हायड्रॉलिक क्लचच आहे. आणि बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेकच्याच डबीतून बाजूने एक नळी क्लचला जाते, त्यामुळे गॅरेजवाले चारही चाकांचं ब्रेक ऑइल बदलून देतात आणि क्लचच्या पाइपातलं जुनं तसंच राहतं, मालकाला वाटतं सगळं नवीन झालं. कोकणातली, कोल्हापूरची पावसाळ्यातली ओल तुम्हाला माहितीच आहे, कपाटातले कपडे वाळत नाहीत तिथे ओल शोषणाऱ्या फ्लुइडचं काय होत असेल. दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड बदला असं अनेक कंपन्या सांगतात, त्याच वेळी क्लचचा एअर पण काढून घ्या एवढं एक वाक्य तुमच्या पानात हवं होतं.

फ्लुइड बदललं की झिजलेली क्लच प्लेट बरी होते असं मी अजिबात म्हणत नाही. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतोय, तर प्लेटच गेलीय, तिथे खर्च टळत नाही. फ्लुइड बदलूनही डबीतली पातळी उतरत राहिली तर सिलिंडर गळतोय, तो बदलायलाच लागतो. पण गिअर अडकणं आणि पेडल खाली राहणं याला पहिलं औषध प्लेट नाही. आणि बाटली घेताना गाडीतल्या डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून त्याच नंबरचं घ्यावं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये चुकूनही मिसळायचं नाही, नाव जवळचं म्हणून लोक फसतात (५.१ वेगळं, ते चालतं). वर्षभर गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली बाटली तर घेऊच नका, तिने पाणी आधीच प्यायलेलं असतं.

एवढी दुरुस्ती छापावी ही कळकळीची विनंती. माझी गाडी त्यानंतर त्याच रस्त्याने, तशाच उन्हात बोलिंग ग्रीनला जाऊन आली, तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. आता महिन्यातून एकदा मी झाकण उघडून बघतो, गेल्या रविवारी बघितलं तर आतून डबीचा तळ स्वच्छ दिसत होता.

आपला नियमित वाचक,
सिनसिनाटी, ओहायो (मूळ कोल्हापूर)