तब्येत सुधारली म्हणजे काय गं

चिऊ,

परवा फोनवर म्हणालीस, आई तुझा डाएट प्लॅन पाठव ना, आणि मग ठेवता ठेवता म्हणालीस की आठवडाभर पित्त होतंय. त्या पित्तावरून माझी झोप उडाली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे लिहितेय, पूर्ण वाच.

त्या दिवसांचं तुला मी नीट सांगितलंच नाही कधी. आईला अटॅक आला, स्टेंट टाकला, एवढंच तुला बंगळुरूला कळलं. पण त्याआधी आठ दिवस मला जिना चढताना दम लागत होता, मळमळायचं, आणि जबडा दुखायचा तर दाढ किडली असेल म्हणून मी लवंग धरून बसले होते. छातीत कळ येते म्हणतात ती आलीच नाही. दवाखान्यात पित्ताची गोळी दिली, ईसीजी काढला नाही, आणि खरं सांगू, काढा असं मीही म्हटलं नाही कारण गौरी तोंडावर होत्या. बायकांना आणि त्यातून शुगर असेल तर हे असं आडवळणानं येऊ शकतं हे मला आयसीयूत पडल्यावर कळलं.

तेव्हा वजन 84, उंची पाच फूट दोन, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 8.1. आणि गंमत बघ, त्याच काळात प्रत्येक लग्नात कोणीतरी म्हणायचं, वा, तब्येत सुधारली हो! आता वजन 69 आहे, तीच साखर 6.2 आहे, तर त्याच बायका बाबांना बाजूला घेऊन विचारतात की वहिनींना काही झालंय का, किती वाळल्यात.

तर प्लॅन. प्लॅन असा काही नाहीये. आहारतज्ज्ञ बाईंनी मला आठ दिवस जे तोंडात जाईल ते सगळं लिहायला सांगितलं, चिमूटभर सुद्धा, आणि वहीत निघालं काय तर बाबांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची आमटी-भात, कालची भाजी संपवायची म्हणून अजून एक भाकरी. माझं जेवण फार नव्हतंच गं, अन्न टाकू नये म्हणून मी घरातलं उरलंसुरलं खात होते, तीस वर्षं. आता उरतच नाही इतकंच करते. तेल महिन्याला तीन लिटर लागायचं दोघांना, आता एक. आधी काकडी-टोमॅटो आणि उसळ, मग ज्वारीची भाकरी, शेवटी वाटीभर भात, एवढा क्रम बदलला तरी भात आपोआप कमी झाला.

उपवासांचं मात्र जड गेलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि एकादशी दुप्पट खाशी हे काय उगाच म्हणतात? साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर दाण्याचं कूट नि तूप. मग मी शहाणपणा केला, एका अंगारकीला काहीच खाल्लं नाही, पण ग्लिमेपिराइड, ती शुगरची गोळी, घेतली. ती गोळी तू जेवलीस की नाही हे बघत नाही, ती इन्सुलिन सोडायलाच लावते. चारच्या सुमाराला घाम, हात थरथर, मशीनवर 58. बाबांनी साखर पाणी पाजलं आणि त्यानंतर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पुढे वजन उतरल्यावर डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, पण स्वतःच्या मनानं मी एकही सोडली नाही, रक्त पातळ ठेवायच्या तर नाहीच नाही.

चालणं घरातल्या घरात पाच मिनिटांपासून सुरू केलं, हॉल ते गॅलरी. वेग किती, तर बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये असं सांगितलं होतं. मी रामरक्षा म्हणत चालते, ओळीच्या मधे श्वास तुटायला लागला की समजायचं बरोबर चाललंय. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी हो म्हटल्यावर अजिंक्यताऱ्यावर गेले, डांबरी रस्त्यानंच, तीनदा बसले, पण वरून सगळं सातारा दिसलं आणि मी तिथे रडले हे बाबांना माहीत नाही.

74 वर काटा तीन महिने हलला नाही तेव्हा फार चिडचिड झाली. मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायला लागले, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, वीस वेळा. काटा उशिरा हलला, ब्लाउज आधी सैल झाले.

आता तुझं. एकोणतिसाव्या वर्षी पित्त हे बहुतेक पित्तच असतं, रात्री साडेअकराला बिर्याणी मागवल्यावर दुसरं काय होणार. पण जिना चढताना होतं आणि थांबलं की जातं असं असेल तर मला फोन न करता आधी ईसीजी काढ. आणि आईला पासष्टीच्या आत हार्टचा त्रास झाला की मुलीच्या फाइलमध्ये ते लिहायचं असतं, तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घे. कंबर मोज, टेपनं, बायकांना 80 सेंटिमीटरच्या आत हवी. खोटं सांगू नकोस, मीही सांगत होते.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक. सोबत कंदी पेढे पाठवलेत, चारच आहेत, सहा होते पण दोन बाबांनी पॅक करताना खाल्ले.

आई