पोर्ट लुईसला तीन दिवस

धुरीवाडा, मालवण
नोव्हेंबर

चि. सौ. मानसी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला क्रूझचा कार्यक्रम आईने मोबाईलवर अक्षर मोठं करून मला वाचून दाखवला. बाकीच्या बंदरांत सकाळी लागायचं आणि संध्याकाळी सुटायचं, मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात मात्र तीन दिवस, दोन रात्री. "एवढे दिवस एका बेटावर करायचं काय?" असं तू खाली लिहिलं आहेस, म्हणून कागद घेऊन बसलो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसती "हो बाबा" म्हणतेस आणि मधेच ओमला भूक लागते.

सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या माणसाला बेटाची फक्त दुपार दिसते. हे मी खलाशी म्हणून म्हणत नाही, मालवणकर म्हणून म्हणतो. आपल्या जेटीवर रोज बघतोच ना आपण. होडीवाला सिंधुदुर्ग किल्ल्यावर तासाभराची मुदत देतो. त्यात शिवराजेश्वराचं दर्शन, महाराजांच्या हातापायाचे ठसे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तटावर दोन फोटो, की परत होडीत. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला, पण मंडळी म्हणतात, "झालं बघून." आत आजही लोक राहतात, शेवटची होडी परतल्यावर त्यांची संध्याकाळ सुरू होते, हे या मंडळींच्या गावीही नसतं. तुम्हाला मॉरिशस बेटाच्या दोन रात्री आणि दोन पहाटा मिळताहेत. त्या जहाजावरच्या कॅसिनोत घालवू नका, एवढंच माझं मुख्य सांगणं. बाकी सगळं तपशिलाचं.

मला ते बंदर ठाऊक आहे ते साखरेमुळे. आमचं मालजहाज तिथे सुटी साखर भरायला लागायचं. पावसाची सर आली की बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, हाकाट्या आणि हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराची झाकणं, बंद, कारण भिजलेली साखर कोण घेणार? मग लोडिंग लांबायचं आणि आम्हाला शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी, मिळायची. तिथल्या पावसाचे माझ्यावर उपकार आहेत म्हण ना.

बेट मोठं नाही. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तशी अडीच बेटं मावतील. म्हणून लोकांना वाटतं की एका दिवसात सगळं उरकेल, आणि मग दिवसभर गाडीच्या काचेतून ऊस बघत बसतात. तुम्ही तसं करू नका. पहिला दिवस बंदराजवळचा, दुसरा लांबचा, तिसरा पुन्हा जवळचा. हा क्रम मोडू नका. कारण सांगतो. जहाजाने नेलेली बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पहिल्या दोन दिवशी उशीर झाला तर फार तर जेवण चुकेल, शेवटच्या दिवशी जहाजच चुकेल. गँगवेपाशी, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीपाशी, शेवटच्या दिवसाची परतायची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो अमेयरावांनाही काढायला सांग. एकाच्याच फोनमध्ये नको. आणि ती वेळ जहाजाच्या घड्याळाची की किनाऱ्यावरच्या, हे रिसेप्शनवर विचारून घ्या. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, जहाजाचं घड्याळ कप्तान सांगेल तसं चालतं. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, तो कागद खिशात असू दे.

पहिल्या दिवशी उतरलात की घाटावर जा. आप्रवासी घाट. बंदराला लागूनच आहे, आणि बघायला गेलं तर थोडंसंच उरलंय: दगडी पायऱ्या, काही भिंती, शेड. इंग्रजांनी गुलामी बंद करायचं ठरवल्यावर उसाच्या मळेवाल्यांना माणसं कमी पडली. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून पहिले छत्तीस जण घेऊन आलं. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं आली. या घाटावर त्यांची नावं लिहून घ्यायची आणि मळ्यांवर वाटणी करायची. २००६ पासून तो जागतिक वारशात आहे.

त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसंही होती, रत्नागिरीकडची, आपल्या पट्ट्यातली. त्यांच्या पोरानातवंडांनी तिथे मराठी टिकवलीय. शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. गणपतीत तिथली मराठी मंडळी जी झाकरी करतात, ती म्हणजे आपला जाखडी नाचच, घुंगरांसकट. बंदराबाहेर एकदा चहाच्या टपरीवर एक म्हातारा माझ्या शर्टाकडे आणि मिशांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मराठी?" त्यापुढची त्याची मराठी मला धड कळेना, माझी मालवणी त्याला कळेना, तरी तासभर बसलो. आजोबा कुठल्या गावचे, ते त्याला माहीत नव्हतं. अशा घरांतून आजोबांचं नावच पुढे आडनाव होऊन बसलेलं असतं, त्यामुळे गाव शोधायला धागा सापडत नाही. जुन्या नोंदी मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्यात, ओळखपत्रांसाठी काढलेल्या मजुरांच्या फोटोंसह. तुम्हाला तिथे जायची गरज नाही. पण घाटावर ओमला तेवढं सांग की इथे उतरलेल्यांत आपल्याकडची माणसं होती. सहा वर्षांच्या पोराला एवढं पुरे.

तिथून चालत सेंट्रल मार्केट. दुपारी ऊन चढतं, म्हणून सकाळीच जा. तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणजे तिथे भर उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात फुलतो तो गुलमोहर तिथे तुमच्या स्वागताला लाल झालेला असेल आणि लिचीचे घोस दोरीला बांधून विकायला असतील. जेवायला हॉटेल शोधू नका, दालपुरीच्या गाडीपुढे रांगेत उभे राहा. डाळ भरलेली मऊ पोळी, त्यात मोठ्या घेवड्याची उसळ, टोमॅटोची चटणी, लोणचं, मिरची. मिरची वेगळी मागा, त्यांची मिरची आपल्यालाही चटका देते. अमेयरावांना डाळवडे आवडतात, ते तिथे गातो पिमां नावाने मिळतील. ओमला आलुदा दे, सब्जा घातलेलं थंड दूध असतं. रविवारी मात्र शहर अर्धं झोपलेलं असतं, बाजार दुपारपर्यंत आटपतो. वार बघून घे.

ऊन टाळायला दुपारी दोन म्युझियमं आहेत. ओमसाठी डोडोचं. उडता न येणारा तो पक्षी फक्त याच बेटावर होता, डच लोक उतरले आणि शंभर वर्षांच्या आत संपला. दुसरं ब्लू पेनी, कॉडनच्या धक्क्यावर, १८४७ च्या दोन टपाल तिकिटांचं. अस्सल तिकिटं उजेडाने खराब होतात म्हणून दर तासाला थोडाच वेळ दिवा लावून दाखवतात. आईला यातलं काही पटत नाही, ती म्हणते तिकिटं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं. तुम्ही ठरवा.

रात्री जेवून पुन्हा खाली उतरा. धक्क्यावर फिरा. गावकरी मंडळी पोराबाळांसह हवा खायला येतात, त्यांच्यात बसा. रात्री बाजाराकडच्या गल्ल्यांत मात्र शिरू नका, दुकानं बंद झाली की तिथे चिटपाखरू नसतं. दागिने केबिनच्या तिजोरीत. हे सांगायला नको, तरी सांगतो.

दुसरा दिवस नैर्ऋत्येकडचा. धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्यांना मीटर ठाऊक नसतं. पूर्ण दिवसाचा भाव आधी ठरवा, आणि तिथल्या रुपयात ठरवा, तो आपल्यापेक्षा महाग आहे हे लक्षात ठेवून. सकाळी लवकर निघालात तर आधी गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी, काठावर देवळं आणि ३३ मीटर उंच शंकर. महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात. उंचावर असल्यामुळे हवा गार, पाऊस केव्हाही. ओमच्या हातातलं केळं माकडं नेतील, तयारी ठेवा.

तिथून शामारेल. सात रंगांची माती म्हणून सगळे फोटो काढतात, पण तिचं गुपित तुला घरातच सापडेल. बेसॉल्ट खडक उन्हापावसाने कुजतो, पाण्याबरोबर त्यातली सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात, म्हणून ते तांबडे, जांभळे, पिवळे पट्टे. आपला जांभा चिराही असाच तयार झाला. ज्या भिंतीला टेकून तू परीक्षांचा अभ्यास केलास, ती त्याच कारखान्यातली. तिथे मात्र त्याला कुंपण घालून तिकीट लावलंय! जवळच शंभरेक मीटरचा धबधबा आहे, तोही बघा.

शेवटी ल मोर्नचा किनारा. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा कातळ. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे, म्हणून तोही जागतिक वारसा आहे, २००८ पासून. वर चढायच्या भानगडीत पडू नका, लहान मुलाला घेऊन ती चढण नको. खाली पोहा. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, लाटा लांबवर तिच्यावरच फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं शांत. पण शांत म्हणजे निर्धास्त नव्हे. भिंतीला जिथे खिंड असते तिथून पाणी जोरात बाहेर खेचतं, तेव्हा जिथे गावची माणसं पोहतात तिथेच उतरा. पायात रबरी बूट घाला, समुद्री साळूचे काटे टाचेत मोडले तर उरलेला प्रवास लंगडत करावा लागेल. आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही. इथे आपल्या किल्ल्यामागे स्नॉर्कलिंगला आलेले लोक काय करतात ते तू पाहिलंयस.

पॅराशूट, बनाना बोट, वेगाच्या बोटीने शेजारच्या छोट्या बेटावर जाऊन बार्बेक्यू, हे विकायला माणसं मागे लागतील. ते सगळं तारकर्लीला आहे आणि स्वस्त आहे.

आग्नेयेकडची ब्ल्यू बे या वेळी सोडा, दिशा उलटी पडते. त्याच बाजूला जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' नावाचं मालजहाज प्रवाळावर चढलं होतं. मोबाईलची रेंज मिळावी म्हणून किनाऱ्याजवळून नेलं होतं, असं तपासात पुढे आलं. सुमारे हजार टन तेल पाण्यात गेलं. तिथल्या लोकांनी सरकारची वाट न बघता उसाचा पाला कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या केल्या आणि तेल अडवलं. घरची आठवण आलेल्या खलाशाला रेंजची ओढ किती असते ते मला माहीत आहे, पण ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभं असताना ती बाजूला ठेवायची असते. असो, हे अमेयरावांना सांग, ते जहाजाच्या बातम्या वाचतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाम्पलमूसची बाग. शहरापासून जवळ आहे, दुपारच्या आत परत याल. परातीएवढी, खरं तर परातीहून मोठी कमळाची पानं पाण्यावर तरंगतात, ती ओमला आवडतील. मी मात्र जायफळ आणि लवंगेसाठी जा म्हणेन. डचांनी मसाल्याची बेटं मुठीत ठेवली होती, रोप बाहेर जाऊ देत नसत. प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने अठराव्या शतकात ती रोपं चोरून आणवली आणि या बागेत वाढवली. मसाल्याचा मक्ता मोडला त्यात या बागेचा हात आहे. आपल्या माडांखाली लावलेल्या जायफळाची ती नात्यातलीच म्हणायची. मार्गदर्शक घ्या, पैसे आधी ठरवून. पाट्या वाचत फिरलात तर निम्मं हातून सुटेल.

परतल्यावर जहाजावर लगेच चढा. खरेदी उरली असेल तर धक्क्यावरच करा. आईने व्हॅनिलाच्या शेंगा सांगितल्यात. बंद पाकिटातल्या आणा, हाताला मऊ लागतील अशा. सुकून काडी झालेल्या नकोत. झाडं, बिया, माती काही आणू नका, कस्टममध्ये अडकाल.

डिसेंबरात वादळाचा मोसम नुकताच सुरू झालेला असतो. कप्तानाने कार्यक्रम बदलला, तीनाचे दोन दिवस झाले, तर चिडू नका, रिसेप्शनवर भांडू तर मुळीच नका. तसं झालं तर मधला लांबचा दिवस गाळा आणि पहिला व तिसरा ठेवा.

ओमला बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. अमेयरावांना नमस्कार. आई म्हणते कोकमं आणि म्हावऱ्याचा मसाला इकडून पाठवते, पण जहाजावर ते चालेल का ते आधी विचारून कळव.

तुझे,
बाबा