दुखण्याचे टक्के

प्रिय दिगंबर,

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने धाकट्याच्या दुखण्याला १२ टक्के अपंगत्व दिले आणि 'एमआरआयमध्ये विशेष काही नाही' असे सांगून परत पाठवले, हे वाचून मला लगेच उत्तर लिहवले नाही, कारण अशाच एका बोर्डाच्या टेबलामागे मी स्वतः कित्येक वर्षे बसलो आहे.

तिथे आम्ही सांधा किती अंश वळतो ते गोनिओमीटरने मोजत असू, स्नायूंची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत लिहीत असू आणि पाय किती आखूड झाला ते टेपने पाहत असू. दुसऱ्या डॉक्टरनेही मोजले तर माप जवळपास तेच यावे, ही अपेक्षा मला आजही रास्त वाटते. दुखणे मात्र अशा मापात येत नाही. २००१च्या केंद्रीय निकषांनी पायाच्या अपंगत्वात त्याला जादा गुणांच्या रकान्यात जागा दिली होती: सौम्य असेल तर ३ टक्के, मध्यम असेल तर ६, तीव्र असेल तर ९. आता बेरीज करून पाहा. इतर मापांचे ३२ टक्के झालेल्या माणसापुढे मी 'मध्यम' लिहिले तर तो ३८वर अडतो, 'तीव्र' लिहिले तर ४१वर जातो, आणि ४० टक्क्यांखाली राखीव जागा नाही. दुखण्यामुळे कामात किती अडथळा येतो यावरून श्रेणी ठरवायची, असे निकष सांगत. पण त्या माणसाचे काम आम्हाला कुठे दिसत होते? आम्हाला दिसत ती दारापासून टेबलापर्यंतची दहा पावले.

खुब्याचे हाड वाकडे जुळलेली एक शेतमजूर बाई त्या काळात आली होती. कसे दुखते विचारल्यावर ती म्हणाली, "दिवसा ठणकतं, रात्री आग होते, कूस वळताना चमक निघते." यातली आग आणि चमक ऐकून कोणत्याही डॉक्टरने मज्जातंतूच्या दुखण्याचा विचार करायला हवा होता. मी विचारले, दहापैकी किती? तिने मुलाकडे पाहिले. चाल बरी होती म्हणून मी 'मध्यम' लिहिले. नंतर तो मुलगा बाहेर शिपायाला सांगताना ऐकू आला, की एस.टी.त बसता यावे म्हणून आईला पहाटे दोन गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे आम्ही मोजला तो गोळ्यांचा गुण. मी तिला परत बोलावले नाही. बाहेर रांग होती हे खरे, पण सही झालेला कागद बदलायचा कंटाळा आला, हे अधिक खरे.

सोंगाची भीती बोर्डाला सतत असते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु पाठदुखीत शरीराच्या दोषाशी न जुळणारी लक्षणे १९८०मध्ये ज्यांनी मांडली, त्या गॉर्डन वॉडेल यांनीच पुढे बजावले की त्यांवरून कोणाला सोंगाडी ठरवू नये. एमआरआयचेही तसेच आहे. १९९४च्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय काढले, तेव्हा केवळ ३६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या. न दुखणाऱ्या पाठीत जर एवढे दिसते, तर दुखणाऱ्या पाठीत काही दिसले नाही म्हणून माणूस खोटा कसा ठरेल?

२०१८मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये निकष बदलले, तरी माणसाला त्याच्या सर्वांत बऱ्या तासात तपासण्याची रीत काही बदललेली नाही. २०१६च्या कायद्यात दाखल्याविरुद्ध अपील करता येते, ते कराच. तोवर धाकट्याला एक वही घालून दे. सलग किती मिनिटे बसवते, रात्री किती वेळा जाग येते, घागर उचलल्यानंतरचा दिवस कसा जातो, हे त्याने रोज लिहावे. 'फार दुखते' असे लिहू नये, त्याचा बोर्डाला उपयोग नसतो. आणि तपासणीच्या दिवशी गोळी घेतली असेल तर कोणती व किती वाजता, हे कोणी विचारण्याआधीच सांगावे आणि कागदावर नोंदवून घ्यावे.

वही महिनाभर भरली की माझ्याकडे पाठव. अपिलासोबत जोडायचे टिपण मी लिहून देतो.

तुझा,
अनिरुद्ध