मेणबत्तीच्या प्रयोगाचे कारण दुरुस्त करा

मा. संपादक,

सुट्टी लागली की मुलांच्या पुरवण्यांत घरच्या घरी करायचे प्रयोग येऊ लागतात. त्यात पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती आणि वर उपडा पेला हा प्रयोग हमखास असतो. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते. खाली कारण छापलेले असते की, ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हे कारण चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे मुलांना स्वतःच पडताळता येते.

पाणी नेमके कधी चढते, ते आधी पाहायला सांगावे. ज्योत जळत असताना ते फारसे हलत नाही. विझल्यावर भरभर चढते. ज्योतीने तापलेली हवा फुगून थोडी बाहेर गेलेली असते. उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. ऑक्सिजन पुरता संपतही नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ वर उतरले की ज्योत विझते, आणि जळताना झालेला कार्बन डायऑक्साइड बरीच जागा भरून काढतो.

त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढते. मेणबत्तीशिवायही करून पाहा: पेला कढत पाण्याने विसळून (उकळत्या नको, काच तडकते) लगेच थंड पाण्यात उपडा ठेवा. पाणी चढतेच.

हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो हे खरोखर दाखवायचे असेल तर लोखंड गंजवावे; गंजताना ते हवेतला ऑक्सिजन घेते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बारीक स्टील वूल (लोखंडी तारांचा लोकरीसारखा गुंता) व्हिनेगरमध्ये पाच मिनिटे भिजवा, म्हणजे त्यावरचा तेलाचा थर निघतो. मग पाण्यात खळबळून घट्ट पिळा. व्हिनेगर उरले तर लोखंडाशी मिळून हायड्रोजन तयार होतो आणि पाणी कमी चढते. पिळलेले स्टील वूल मोकळे करून उंच पेल्याच्या तळाशी खोचा, पेला पाण्यात उपडा करा आणि बाहेरून पातळीची खूण करा. भांडी घासायची स्टेनलेसची तार चालत नाही, ती गंजतच नाही. २५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ५० मिलिलिटर पाणी चढते, म्हणून ताटली उथळ नको. पाणी संपून पेल्याचा काठ उघडा पडला की हवा आत शिरते. दुसरी खूण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी करावी. कारण तापमानात दहा अंशांचा फरक पडला तरी हवेचे आकारमान तीनेक टक्क्यांनी बदलते.

मेणबत्तीचा प्रयोग जरूर छापा, मोठ्यांनी जवळ थांबावे ही सूचनाही द्या. मात्र कारण आयते न देता तीन मेणबत्त्यांची पडताळणी त्याच चौकटीत छापावी, ही विनंती.

– एक विज्ञानशिक्षक